तणसीचा सोफा

"बाई निवडून आली, ठीक हाये. पन साहेब आला तं त्याले बसवन कुठं? तनसीवर?"

मी किराणा दुकानाच्या आत, तेलाच्या डब्यांच्या आड, चहापत्तीचा पुडा हातात घेऊन उभी होते. बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्यांना मी आत आहे हे माहीत नव्हतं. बोलणारे बाबूराव होते. कितीतरी वर्षं ते गावाचे सरपंच होते आणि आता उपसरपंच झाले होते, कारण त्या खेपेला सरपंचाची जागा बाईसाठी राखीव निघाली आणि त्या जागेवर आली माझी पंचशीलाआत्या, बाबांची थोरली बहीण. तणस म्हणजे धान चुरून, म्हणजे मळून झाल्यावर उरतो तो पेंढा. आमच्याकडे ती गुरांपुढे टाकतात, आणि ज्यांच्याकडे गादी नाही ते थंडीत अंगाखाली पसरतात. बाकड्यावर कोणीतरी हसलं. दुकानदारही हसला, मग माझ्याकडे लक्ष गेल्यावर वजनं पुसायला लागला. बाबूराव काही रागानं बोलले नव्हते. यंदा आंबा कमी आला म्हणावं, तितक्या सहज बोलले होते. मी पैसे ठेवले आणि त्यांच्यासमोरून जावं लागू नये म्हणून मागच्या बोळातून घरी आले.

बारावीची परीक्षा देऊन मी निकाल लागेपर्यंत आत्याकडे राहायला आले होते. गाव सानगडीच्या पलीकडचं. एसटी फाट्यावर सोडायची आणि तिथून तलावाच्या पाळीनं चालत यावं लागे. भंडाऱ्याला मी इंग्रजी शाळेत शिकले होते. तिथल्या मुलींचं इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार, म्हणून मी शाळेत गप्प असायचे. गावात आलं की माझं मराठी पुस्तकातल्यासारखं वाटायचं, म्हणून तिथंही गप्प. आत्याला याची मोठी गंमत वाटे. "माया भाऊ इंग्रजीची फी भरून राहिला, अन् पोरगी कोनत्याच भाषेत बोलत नाही," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि लगेच माझ्या ताटात आणखी एक लाखोरीच्या डाळीचा वडा टाकायची. मला राग येत नसे. न बोलणाऱ्या माणसाला एक फायदा असतो; त्याच्यादेखत लोक सगळं करतात. त्या उन्हाळ्यात मी आत्याला जितकं पाहिलं तितकं आयुष्यात दुसऱ्या कोणाला पाहिलं नाही.

आत्या उंच, हाडापेरानं मोठी, आवाजही तसाच. शिलाई मशीनवर बसली की मशीनच्या वर तिचा आवाज चालायचा. चहा गुळाचा, काळा, दिवसातून कितीही वेळा. वाळलेली मासोळी चुलीत भाजून, टमाट्यासोबत चुरून भातावर घ्यायची आणि म्हणायची, "सरपंच झाली म्हनून का पनीर खाऊ?" तिचे यजमान, त्यांना आम्ही मामाजी म्हणत असू, तिच्या अगदी उलटे. बारीक, हळू बोलणारे. शेती करायचे आणि मंडईच्या दिवसांत, दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटकं होतात तेव्हा, पेटी वाजवायचे. दिवसभरात ते मोजकीच वाक्यं बोलत, पण ती आत्याच्या सगळ्या बोलण्याला पुरून उरत.

बाबूरावांचं वाक्य मी घरी सांगितलं नाही. ते कसं सांगायचं हेच मला कळेना. जेवताना आत्यानं स्वतःच काढलं. गावात बोललेलं कोणतंही वाक्य तिच्या घरी पायी चालत येतच असे.

"तनसीवर बसवन म्हने साहेबाले."

"चुकीचं काय बोलला?" मामाजी म्हणाले. "आपल्या घरी तनसच हाये."

आत्या हसली, पण तिनं घास पुन्हा ताटात ठेवला. ती का थांबली हे मला समजत होतं. गावात साहेब आला की पाहणी उन्हात व्हायची आणि ठरायचं सावलीत, चहाच्या वेळी. ग्रामपंचायतीची जुनी खोली पाडली होती आणि नवीचा पाया तेवढा खणून झाला होता. त्यामुळे साहेबांचा चहा नेहमीप्रमाणे बाबूरावांकडे. त्यांच्या बैठकीत फोमचा सोफा होता. तिथं साहेब टेकले की कागद तिथंच उघडायचे, आणि गावातल्या ज्या घरांचे लोक त्या बैठकीच्या आत कधी जात नव्हते त्यांचं म्हणणं बाहेरच्या ओट्यावर राहायचं. त्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीची जागा ठरायची होती. आमच्या मोहल्ल्यात एकच बोरिंग होतं. त्याचा दांडा वर जाताना एक आवाज करी आणि खाली येताना दुसरा, आणि पहाटेपासून तो आवाज थांबत नसे. टाकी मोहल्ल्याच्या टोकाला झाली तर नळ दारापर्यंत येणार होता. बाबूरावांच्या वाडीमागे झाली तर पाणी आमच्यापर्यंत चढेल की नाही, सांगता येत नव्हतं. साहेब साकोलीहून यायचे होते. ते कुठं बसतात यावर पाण्याचं ठरणार होतं.

"बसवू ना तनसीवर," आत्या म्हणाली. "तनस का वाईट असते? गोठ्यातला सोफा काढा."

हा सोफा माझ्या ओळखीचा होता. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा बाबांच्या ऑफिसातल्या कपाटांची आणि टेबलांची वाटणी झाली, आणि हा एक सोफा ना भंडाऱ्याला हवा होता ना गोंदियाला. शेवटी लिलावात निघाला. बाबांनी कौतुकानं घेतला आणि आईनं तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. तिचंही बरोबर होतं. एक पाय मोडलेला, गादीतून काथ्या लोंबत होता, वरचा रेक्झिन फाटलेला. तेव्हा आत्यानं निरोप धाडला, "फेकू नोको, मले दे." पुढं तिलाही त्याचं काही करायला सवड झाली नाही, आणि गोठ्यात त्यावर कोंबड्या अंड्यांना बसू लागल्या. आम्ही तो अंगणात ओढला तेव्हा त्यावरून एक कोंबडी उठायलाच तयार नव्हती. "उठ वो बाई, तुयी मुदत संपली," मामाजी तिला म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मला अजून हातांत आठवतात. फुटलेल्या आरशाच्या तुकड्यानं लाकूड खरवडायचं. काच तिरपी धरली की जुना काळा रंग पापडीसारखा सुटून येतो. मग काचकागद, आधी जाडा, मग बारीक. काळ्या थराखालून सागवान निघालं, मधासारख्या रंगाचं, आणि आत्या हातातली काच ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "पाह्य, ऑफिसवाल्यायनं इतके वर्सं याले अंधारात ठेवलं." पाठीमागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात ऑफिसचा क्रमांक होता. मी तो खरवडायला गेले तर तिनं हात धरला. "राहू दे. साहेबाले आपल्या घरचं वाटन." मोडलेल्या पायाच्या जागी मामाजींनी जुन्या खाटेचा पाय बसवला. तो बाकीच्या तीन पायांसारखा मुळीच नव्हता, गोल, कातलेला, म्हणून मागं टाकला. सानगडीच्या बाजारातून चपडी आणली, म्हणजे लाखेचे तांबूस पापुद्रे. ते स्पिरिटमध्ये विरघळवून, जुन्या लुगड्याच्या बोळ्यानं लाकडावर फिरवायचे. पहिल्यांदा आत्यानं घाईनं हात फिरवला आणि ओरखडे उठले, ते पुन्हा घासले. दुसऱ्यांदा अंगणात वावटळ आली आणि चकाकीत धूळ बसली, तीही घासली. ती चुकली की आरडाओरडा करायची, स्पिरिटला, वाऱ्याला, माझ्या बापाच्या ऑफिसला नावं ठेवायची, आणि ते बोलणं चालू असतानाच तिचा हात पुन्हा कामाला लागलेला असायचा. मला तिचं हेच आवडायचं. मी चुकले की दिवसभर त्या चुकीभोवती बसून राहणारी मुलगी होते.

आता माझ्या मुलीच्या फोनवर जुन्या फर्निचरला नवं रूप देण्याचे व्हिडिओ सतत येतात. स्वच्छ हात, स्वच्छ ब्रश, पाठीमागं संगीत. मी ते आवडीनं बघते. पण त्यांत कोंबडी नसते, आणि चुकलेलं कापून टाकलेलं असतं. कोणाच्याही घरी गेले की मी अजून सोफ्याच्या मागच्या पायाकडे बघते. ही खोड तेव्हाची.

गादीच्या कापडाचा प्रश्न उरला. आत्याकडे साड्यांचे तुकडे होते, पण साहेबाला फुलाफुलांवर बसवायचं तिच्या मनात नव्हतं. तिची नजर मामाजींच्या पत्र्याच्या पेटीवर होती. त्यात त्यांच्या बंद पडलेल्या नाटक कंपनीचा दर्शनी पडदा होता, लाल मखमलीचा, खाली सोनेरी झालर. एका कडेला उंदरांनी कुरतडला होता, बाकी धड होता. तिनं मागितला नाही. ही बाई गावभर बोलायची, पण त्या पेटीजवळून जाताना बोलणं थांबवायची. एका दुपारी मामाजींनीच पेटी उघडली, पडदा बाहेर काढून खाटेवर उलगडला आणि कात्री तिच्या हातात दिली.

"पडदा का पेटीत ठेवासाठी असते?" ते म्हणाले. "उघडासाठी असते."

आत्यानं कात्री घेतली. पदरानं डोळे पुसायच्या आत तिनं "झालर समोरून घेऊ का बाजूनं" असं विचारलं, आणि मामाजी "समोरून" म्हणाले.

आत भरली ती तणस. कापूस विकत आणता आला नसता असं नाही, थोडा आणता आला असता. पण तिला बाबूरावांचं ते वाक्य भरायचं होतं. गोठ्यावरच्या माचीवरून तिनं पेंढ्या ओढल्या, हातानं मोकळ्या केल्या आणि गादीत ठासल्या. खाली नवारीची घट्ट वीण मामाजींनी घातली होती, खाटेला घालतात तशी. बसलं की किंचित कुरकुरल्यासारखा आवाज यायचा, पण बसायला टणक आणि छान. सोफा आतल्या खोलीत नेऊन ठेवला. ऊन लागून मखमलीचा रंग उडू नये आणि पॉलिश तडकू नये म्हणून आत्यानं तो कूलरसमोर लावला. पत्र्याचा कूलर, पंख्याचं एक पातं वाकडं, दिवसभर घरघरायचा आणि वाऱ्याबरोबर पाण्याचे बारीक तुषार फेकायचा. आम्ही दुपारी त्यासमोर खाली झोपत असू, आणि सोफा आमच्या डोक्याशी राजासारखा गार वारा खात असे.

आधी वास आला. ओल्या बांधीचा, धानाच्या शेतातल्या चिखलाचा वास, मे महिन्यात घरात. मग एका सकाळी गादीच्या शिवणीतून हिरवा दोरा बाहेर आलेला मला दिसला. आत्यानं हिरवा दोरा कुठं वापरला, म्हणून मी तो ओढला. त्याला खाली पांढरं मूळ होतं आणि मुळाशी धानाचा दाणा. मी खाली वाकून पाहिलं तर शिवणीनं ओळीत तसेच कोंब उभे. मला ओरडायला हवं होतं. मी तो कोंब तळहातावर ठेवून चुलीपाशी गेले आणि हात आत्यापुढे धरला.

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग आतल्या खोलीकडे. "माय वो," ती म्हणाली, "सोफ्याले धान उगवलं."

मामाजी आले आणि लावणीच्या रोपांभोवती फिरावं तशी त्यांनी गादीभोवती एक चक्कर मारली. "पऱ्हे चांगले आले," ते म्हणाले. "आता रोवनी कुठं करतं, खुर्चीवर?"

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. मग ती हसता हसता थांबली आणि उंबऱ्यावर बसली. धान कसणाऱ्या माणसाशिवाय ही चूक कोणाच्या हातून झाली नसती, आणि धान कसणाऱ्या बाईलाच ती कळायला हवी होती: चुरलेल्या तणसीतही दाणा राहतो, आणि दाण्याला ओल मिळाली की तो आपलं काम करतो. साहेब चार दिवसांवर आले होते. दुसरं कापड नव्हतं. बाबूरावांच्या बाकड्यावर हे कळलं असतं तर गावाला पुढच्या मंडईपर्यंत पुरलं असतं.

मग ती उठली आणि, मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट, स्वतःच बोरिंगवर जाऊन सगळ्यांना सांगून आली. लपवलेली गोष्ट दुसऱ्यानं सांगितली तर लोक हसतात, आपण सांगितली तर मदतीला येतात, असं काही ती बोलली नाही. नुसती हंडा घेऊन गेली आणि मागं सात-आठ बाया घेऊन आली. शेजारच्या कुंदाकाकूनं गादी पाहून कपाळाला हात लावला. "सरपंचबाई, तुमी तं घरातच शेती काढली." शिवण अलगद उसवली. तणस अंगणात पसरली, त्या उन्हात ती दुपारपर्यंत खडखडीत झाली. मग बाया गोल बसल्या आणि मूठ मूठ घेऊन दगडावर आपटून, बोटांनी चाचपून दाणे काढू लागल्या. मीही बसले. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या गाईचं, रात्री बोरिंगवर कोणाचा पाय मुरगळला त्याचं बोलणं चाललं होतं, आणि मधूनच कोणी दाणा दाखवून "हा पाह्य, साहेबाले टोचला असता" म्हणायचं. कुंदाकाकूच्या शेताच्या बांधावर काटेसावर होती. तिची बोंडं नुकतीच उकलली होती. तिनं पदरभर कापूस आणला. खाली तणस, वर कापूस, असं भरायचं ठरलं. शेवटची मूठ प्रत्येकीनं आपल्या हातानं भरली.

गादी शिवून झाली, सोफा बाहेर छपरीत ठेवला. सगळ्या उभ्या राहून बघत होत्या. लाल मखमल, पुढं झालर, हातांवर लाखेची झळाळी. कोणी हात लावत नव्हतं.

"बसा न," आत्या म्हणाली.

"साहेबाच्या आंधी?" कुंदाकाकू म्हणाली.

"साहेबाच्या आंधीच. मोडाचा असन तं आपल्यानं मोडू दे."

मग तिघी तिघी करून सगळ्या बसल्या. कुंदाकाकू बसली तेव्हा तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते, फोटो काढायला बसतात तसे. मलाही आत्यानं ओढून मध्ये बसवलं. खालून तणस किंचित बोलली. मोडलं काहीच नाही.

ती टाकी आज मोहल्ल्याच्या टोकाला उभी आहे, निळी रंगवलेली, आणि गेल्या वर्षी मी गेले तेव्हा तिच्या सावलीत पोरं गोट्या खेळत होती. म्हणजे पुढं काय झालं ते लपवण्यासारखं नाही. मला लिहायचं आहे ते त्याआधीच्या अर्ध्या मिनिटाबद्दल.

साहेब भर बाराला आले. जीप फाट्याजवळ ठेवून पायी फिरले, दोन्ही जागा बघितल्या, घाम पुसत आमच्या छपरीसमोर थांबले. आत्यानं नवी साडी नेसली होती. काय बोलायचं ते ती आठवडाभर चुलीपुढे पाठ करत होती, मलाही तोंडपाठ झालं होतं. पण साहेबांच्या शेजारी पांढऱ्या कपड्यांत बाबूराव होते, आणि नवी सून म्हणून ती या गावात आली तेव्हा धानाची पहिली रोवणी तिनं त्यांच्याच वडिलांच्या बांधीत, मजुरीनं केली होती. त्यांच्यासमोर पदर ओढून उभं राहायचं, विचारलं तर मान हलवायची. मी पाहिलं, तिचा हात आपोआप पदराकडे गेला. ओठ हलले, आवाज आला नाही. गावाला गदगदा हसवणारी माझी आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

साहेबांची नजर सोफ्यावर गेली. "अरे वा," ते म्हणाले.

"ते नाटकाचं सामान हाये, साहेब," बाबूराव हसून म्हणाले. "पाहाले बरं. बसलं तं मोडन. चला, आपल्याकडे चहा ठेवला हाये."

साहेबांनी पाऊल वळवलं. मोहल्ल्यातल्या बाया आपापल्या दारांत उभ्या होत्या. कुंदाकाकूच्या कडेवर रिकामा हंडा होता. मामाजी छपरीच्या खांबाला टेकून आत्याकडे बघत होते. आत्या चौकटीकडे बघत होती. बोलू शकेल असं कोणीच नव्हतं, आणि मग मला जाणवलं की मी पायरी उतरून साहेबांच्या समोर आले आहे आणि माझ्या तोंडून जे निघतं आहे ते शाळेतलंही नाही आणि पुस्तकातलंही नाही.

"बसा साहेब. आत तनसच हाये, पन मोडनार नाही. आमी साऱ्याजनी बसून पाह्यलं."